शिवरात्रीच्या तीन रेघा

देवखोह, सातपुडा
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप माणिक अज्जांना मंजूचा शिरसाष्टांग नमस्कार. दानम्मा अज्जींनाही.

बाबा म्हणाले, अज्जांना फोनवर काही ऐकू येत नाही. नुसते "हां, हां" म्हणतात आणि फोन ठेवल्यावर विचारतात, "कोण होतं?" म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

मी इथे रुजू होऊन पाच महिने झाले. कोळशाची खाण आहे, आणि मी सर्व्हेअरच्या हाताखाली मोजमापाचं काम करते. बाईला खाणीत खाली उतरायची परवानगी काही वर्षांपूर्वीच मिळाली. या खाणीत खाली उतरणारी पहिली मीच. त्यामुळे पहिल्या आठवड्यात लोक कोळसा सोडून माझ्याकडेच बघत होते. आता बघत नाहीत. आता मीच माझ्याकडे बघत असते. पट्टा नीट बांधला का, दिव्याची बॅटरी भरली का, हजेरीचा बिल्ला अडकवला का. तीनदा तपासते. आपल्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नाही, त्यामुळे काही चुकलं तर विचारायचं कुणाला, हे मला अजून कळत नाही.

आता खरं कारण. नकाशांच्या कपाटात मला कापडावर चिकटवलेला एक जुना नकाशा सापडला. "देवखोह नंबर दोन. १९७१ साली बंद." बाबा म्हणतात तुम्ही तरुणपणी सातपुड्यात खाणीवर होतात. ती हीच का?

ती जुनी खाण आता पाण्याने भरलेली आहे. आमचा एक नवा बोगदा तिच्याच दिशेने चालला आहे. नियम असा आहे की पाणी साठलेल्या जुन्या कामाच्या साठ मीटरच्या आत जायचं असेल, तर आधी लांब भोकं पाडून पुढे काय आहे ते बघायचं. आमचा बोगदा त्रेसष्ट मीटर आधीच थांबणार आहे, म्हणून भोकांची गरज नाही. काळजीचं काही नाही. (काळजी मला उगाच वाटते, तुम्हाला ठाऊक आहे. लहानपणी मी झोपताना गॅसचं बटण बघायला उठायची.)

तिथलं काय आठवतं ते लिहाल का? मला त्या नकाशात नुसत्या रेघा दिसतात. माणसं दिसत नाहीत.

तुमची
मंजू


उदगीर
१८ जानेवारी

चिरंजीव मंजूला अज्जा आन् अज्जीचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. भिंग लावून दोनदा वाचलं. मठातल्या स्वामींनी अक्षरं शिकवली ती आज कामाला आली बघ.

होय पोरी, तीच खाण. देवखोह नंबर दोन. मी एकोणीस वर्षांचा होतो. भोकरचा निवृत्ती आन् मी, जोडीनं कामाला. तो पहारीनं कोळसा पाडायचा, मी टोपल्यात भरून गाडीत टाकायचो. छताला टेकू म्हून लाकडाचे खांब लावायचो, चार फुटाला एक. निवृत्ती लई हसवायचा, पर कामाला आळशी. खांब लावतो म्हनायचा आन् बिडी वढत बसायचा. मी इचारलं की, "लावला की रे बाबा!" खरं कवा बोलला का न्हाई देव जाणे.

कोळशाच्या खाणीत गरम होतं. घाम आन् काळी धूळ, जेवताना दातावर कोळसा वाजायचा. फुडं सरकारनं कोळशाच्या खाणी घेतल्या. त्याच्या आधीच आमची बंद पडली होती. मंग मी डोंगराच्या पल्याड मँगनीजच्या खाणीत आठ वर्सं केली. ती उघडी खाण, वरून आभाळ दिसायचं. पर दगड असा वजनाचा, टोपलं अर्धं भरलं तरी मान खाली जायची. कोळसा हलका आन् काळजी जड, मँगनीज जड आन् काळजी हलकी. असं आम्ही म्हनायचो.

एक गंमत सांगतो. माझ्या आईनं, गौरम्मानं, विभूतीचा गोळा बांधून दिला होता. तो वलीनं विरघळून गेला. त्या साली शिवरात्र आली आन् कपाळाला लावायला काय न्हाई. खाणीत चुन्याची बादली असायची. मी त्यातलाच चुना घेतला आन् आमच्या बोगद्यातल्या डाव्या भिंतीवर तीन आडव्या पट्ट्या काढल्या, शंकराच्या कपाळावर अस्त्यात तशा. बेल न्हाई तर मोहाचं पान ठिवलं. निवृत्ती म्हनला, "माणक्या, देव खाली बी आला म्हंजे आता हाजरी त्याची बी लागंल." तिथून फुडं पावसाळ्यापावतर आम्ही तोच बोगदा खोदत गेलो.

नंतर उदगीरला आलो आन् मोंढ्यात मापाडी झालो. तीस वर्सं धान मोजलं. माणिकप्पाचं माप म्हंजे माप, असं लोक अजून म्हनत्यात.

तू जेवत जा. गॅसचं बटण तिथं न्हाई, झोप नीट.

तुझा अज्जा
माणिकप्पा


देवखोह
२९ जानेवारी

तीर्थरूप अज्जा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी हसले. दुसऱ्या वेळी नकाशा काढून शेजारी ठेवला.

खाण बंद करताना ज्या सर्व्हेअरने शेवटचं माप घेतलं, त्याची मोजणीची वही नकाशाबरोबरच ठेवलेली आहे. तुमच्या बोगद्याच्या पानावर त्याने लिहिलंय, "डाव्या भिंतीवर चुन्याच्या तीन रेघा. काम येथे समाप्त." नकाशात तुमचा बोगदा तिथेच संपतो.

खाणीत चुन्याची रेघ म्हणजे मापाची खूण, हे तुम्हाला सांगायला नको. आजही आम्ही महिन्याचं माप घेतलं की भिंतीवर रेघ मारतो. पण तुम्ही लिहिता, पट्ट्या शिवरात्रीला काढल्या आणि नंतर पावसाळ्यापर्यंत तुम्ही पुढे खोदत गेलात. म्हणजे तीन-साडेतीन महिने. मग तो पुढचा बोगदा नकाशात कुठे आहे?

अज्जा, मला दोनच गोष्टी सांगा. वहीतल्या तीन रेघा त्याच का, तुमच्या शिवरात्रीच्या? आणि त्यांच्यापुढे तुम्ही किती खोदलं?

आमच्या बोगद्यात एका पाळीला अकरा माणसं असतात. हे मी अजून कुणाला बोलले नाही. आधी तुम्हाला विचारावं असं वाटलं. कृपया लवकर लिहा.

मंजू


उदगीर
७ फेब्रुवारी

चि. मंजूला आशीर्वाद.

पत्र मिळालं. बुढ्या माणसाच्या गोष्टी एवढ्या मनावर घेऊ नको. चोपन्न वर्सं झाली. कोणता बोगदा, कोणती भिंत, आता काय सांगावं. एकाचं दुसऱ्यात मिसळत असंल. साहेब लोकानं नक्शा केला तो इचार करूनच केला असंल.

अज्जीनं शेंगाच्या पोळ्या धाडल्यात. वलीपासून जपून ठिव.

माणिकप्पा


देवखोह
१७ फेब्रुवारी

तीर्थरूप अज्जा,

शेंगाच्या पोळ्या मिळाल्या. धर्माबादचा मारोती म्हणून एक भोकं पाडायचं मशीन चालवणारा आहे, त्याने निम्म्या संपवल्या.

आधी माफी मागते. तुमचं पत्र यायच्या आधीच मला राहवलं नाही आणि मी मोठ्या सर्व्हेअर साहेबांना सगळं सांगितलं. ते चांगले आहेत, पण त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बेटी, नकाशाविरुद्ध तुझ्याकडे काय आहे? अज्जांची शिवरात्र?" भोकं पाडायला पाच-सहा दिवस काम थांबवावं लागतं. त्यासाठी मॅनेजर साहेबांना काहीतरी आधार हवा. मारोती तिथेच होता. "ताई, तुमचे अज्जा अन् माझी सासू सारखेच," तो म्हणाला. "दोघं बी पन्नास वर्षांमागचं रोज नवीन सांगतात." सगळे हसले. मीही हसले. नाही हसले तर वाईट दिसलं असतं.

मग तुमचं पत्र आलं, की मिसळत असेल. तरी मन मानेना म्हणून बाबांना तुमच्याकडे पाठवलं. बाबांनी तुम्हाला मोंढ्यात, ईश्वरप्पांच्या आडतीवर सगळ्यांसमोर ओरडून विचारलं. तुम्ही म्हणालात, "काय की, आठवत न्हाई." बाबा नंतर मला रागावले. म्हणाले, त्या म्हाताऱ्या माणसाला कशाला छळतेस, त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

अज्जा, चूक माझी आहे. तुम्ही प्रेमाने एक आठवण लिहिलीत आणि मी तिच्यावर वकिलासारखे प्रश्न घातले. मला भीती वाटायला निमित्त लागत नाही. भीती वाटली म्हणजे ती खरीच असते असं नाही, हे मला शिकायला हवं.

२८ तारखेला महिन्याच्या नकाशावर मला सही करायची आहे, की पुढे जुन्या कामापर्यंत अठ्ठ्याहत्तर मीटर कोळसा शिल्लक आहे. तोवर आमचा बोगदा तिथवर पोचेल. रोज साधारण दोन मीटर पुढे जातो. गेल्या महिन्यात सहीच्या वेळी माझा हात थांबला नव्हता. या वेळी थांबेल, पण करीन. तुम्हाला आठवत नाही म्हणजे माझ्यापाशी काहीच नाही.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हे पत्र स्पीड पोस्टने पाठवते आहे, तुमचं तोंड आणखी एक दिवसही एवढंसं राहू नये म्हणून.

मंजू


उदगीर
२२ फेब्रुवारी

मंजू,

सही करू नको.

हे पत्र तुझ्या साहेबाला दाखव. त्याला मराठी येत नसंल तर वाचून दाखव. एक बी अक्षर गाळू नको.

मला सगळं आठवतं. आठवत न्हाई हे खोटं बोललो. तुझ्या बापानं ईश्वरप्पाच्या आडतीवर इचारलं, जिथं तीस वर्सं मी मापं घातली. समोर पोती, काटा, हमाल, ईश्वरप्पा गादीवर. तिथं उभं राहून "मी एकदा खोटं माप दिलं" असं माझ्या तोंडातून निघंना. आन् कागदावर तुला लिहायची बी शरम वाटली. तू पाया पडतीस, म्हून.

झालं असं. जूनात पाणी लागलं. खालच्या अंगाचा बोगदा, पाणी भरत आलं. शेटनं खाण बंद केली आन् नागपूरहून मोजायला एक साहेब आला, एका दिवसासाठी. त्याचा फीता धरायला निवृत्ती आन् मी. माझ्या पट्ट्यांपाशी गेलो तवा पाणी मांडीला लागलं होतं, फुडं तर कंबरेच्या वर. साहेबानं बत्ती वर केली. पट्ट्या दिसल्या. "ये आखिरी निशान है क्या?"

त्याच्या आठ दिवस आधी मुकादमानं एकाला खाणीचा चुना घरी नेला म्हून हाकललं होतं. मला वाटलं, देवाच्या पट्ट्या म्हनावं तर चुना चोरला म्हनतील, आन् निघायच्या येळेला मजुरी अडकवतील. निवृत्तीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हनलो, "जी साहब."

साहेबानं लिवलं आन् आम्ही माघारी फिरलो. बाहीर आल्यावर निवृत्ती म्हनला, "माणक्या, शंकराला साक्षीला उभं केलास की रे." बस. परत कवा तो इषय काढला न्हाई. मला वाटलं, पाणी भरलं, खाण मेली, आता तिथं कोण जातंय. माझ्याच घरची पोर जाईल हे सपनात बी न्हवतं.

आता माप. हे खरं हाय. पट्ट्यांपासून फुडं पंचेचाळीस खांब. चार फुटाला एक, मी सोता काठीनं मोजून लावलेले. पंचेचाळीसाव्याच्या फुडं आनखी चार-पाच फूट कोळसा पाडला होता. निवृत्ती शेहेचाळीस म्हनायचा, शेवटच्या दिशी एक लावला म्हनायचा. पर तो लबाड. मी त्या दिशी फुडं गेलो न्हवतो. पंचेचाळीस धर. आन् बोगदा सरळ गेलाय, कुठं वळला न्हाई.

आज सकाळी लिंगपूजा झाल्यावर दानम्माला सगळं सांगितलं. एकावन वर्सं संसार केला, तिला बी ठाऊक न्हवतं. ती म्हनली, "त्या अकरा जणाच्या घरी बी कोणतरी गव्हाची हुग्गी रांधून वाट बघत असंल. लिवा." म्हून लिवलं.

मला सरकार धरणार असंल तर धरू दे. हिंडायचं वय न्हाई, एका जागी बसायला हरकत न्हाई.

खाली सही केली आन् अंगठा बी दिलाय. सरकारी कामाला लागतो.

माणिकप्पा, मापाडी


देवखोह
३ मार्च

तीर्थरूप अज्जा,

तुमचं पत्र शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं. मी ते घेऊन चालत गेले नाही, पळतच गेले.

मॅनेजर साहेबांना सगळं हिंदीत वाचून दाखवलं. एकही अक्षर गाळलं नाही. "जी साहब" पर्यंत आले आणि तीच ओळ पुन्हा वाचली. साहेबांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाले, "पढो." सगळं झाल्यावर त्यांनी अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवलं. मग एकच विचारलं, "चार फूट पक्के?" मी म्हटलं, "साहेब, ते तीस वर्षं मोंढ्यात मापाडी होते. उदगीरमध्ये त्यांच्या मापावर भांडण होत नाही." मोठे सर्व्हेअर कागदावर हिशेब करत होते. पंचेचाळीस खांब म्हणजे जवळजवळ पंचावन्न मीटर. अठ्ठ्याहत्तरातून पंचावन्न गेले की तेवीस उरतात. त्यांनी चष्मा काढला, पण या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही. फोन उचलला आणि बोगद्यातली माणसं बाहेर काढायला सांगितली.

मी सही केली नाही. त्या जागी लिहिलं, "जुने माप संशयास्पद. भोके पाडल्याशिवाय काम पुढे नेऊ नये." लिहून तीनदा वाचलं.

भोक मारोतीनेच पाडलं. आधी तोंडाशी नळ आणि झडप पक्की बसवली, म्हणजे पाणी लागलं तर बंद करता येतं. पहिल्या दिवशी चौदा मीटर. नुसता काळा कोळसा. मला वाटू लागलं की भोक कोरडंच निघावं. मी खोटी ठरले तरी चालेल. तुम्हीही खोटे ठरला असतात, पण त्या खोट्याने कुणाचं काही बिघडलं नसतं. दुसऱ्या दिवशी बाविसाव्या मीटरला मशीनचा आवाज बदलला. मारोती ओरडला, "ताई, मागं सरा!" आणि नळातून पाणी आलं. अशा जोराने, की समोरच्या भिंतीवर आपटून आमच्या अंगावर आलं. गढूळ, थंड, कुजक्या वासाचं. चोपन्न वर्षांचं पाणी. झडप बंद केली तेव्हा त्यावरच्या काट्याने दाब दाखवला. तो बघून मोठ्या सर्व्हेअरांनी पुन्हा हिशेब केला. म्हणाले, "आणखी आठ दिवसांत मध्ये सातच मीटर कोळसा उरला असता."

 अकराही जण तिथे उभे होते.

तुम्हाला कुणी धरणार नाही. मी विचारलं. मॅनेजर साहेब म्हणाले, माप घेणं सर्व्हेअरचं काम असतं, फीता धरणाऱ्या पोराचं नाही. दुसऱ्याच्या शब्दावर "काम समाप्त" लिहिलं ही त्या सर्व्हेअरची चूक. आणि म्हणाले, "उनको मेरा नमस्कार लिखना." तो इथे लिहिते आहे.

मारोती म्हणतो, आता सासूचं सगळं पहिल्यापासून नीट ऐकून घ्यावं लागणार.

अज्जा, तुम्ही लिहिलंत की तू पाया पडतेस म्हणून शरम वाटली. या उन्हाळ्यात मी घरी येईन तेव्हाही पडणार आहे. आधी पडायची ती रीत म्हणून.

तुमची
मंजू


उदगीर
१४ मार्च

चि. मंजूला आशीर्वाद.

पत्र दानम्मानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. पाणी आल्याचं वाचलं की ती दर येळेला "अय्यो शिवा" म्हनती, जसं काय आत्ताच आलं.

काल ईश्वरप्पाच्या आडतीवर जाऊन सगळ्यांसमोर सांगून आलो. त्याच जागेवर उभं राहून. हमाल थांबले, काटा थांबला. ईश्वरप्पानं आयकून घेतलं आन् म्हनला, "माणिकप्पा, तुमी खाणीत खोटं माप दिलं म्हून हितं तीस वर्सं खरं दिलं का?" मी म्हनलो, आसंल बी, मी कवा तसा इचार केला न्हाई. तो म्हनला, "मंग आमचा फायदाच झाला की वो!" आन् चहा सांगितला.

लई दिसानं त्या आडतीवरचा चहा गोड लागला.

अज्जा


देवखोह
२० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अज्जा, दानम्मा अज्जी,

उन्हाळ्यात भेट झाली, त्यानंतर पत्र लिहायला उशीर झाला, कारण मला हेच पत्र लिहायचं होतं.

जुन्या खाणीतलं पाणी पंप लावून काढायला आठ महिने गेले. पावसाळ्यात वरून पुन्हा भरायचं, मग पुन्हा उपसायचं. मग हवा खेळवली, वायू तपासला. काल चार जणांची तुकडी आत गेली. माप घ्यायचं होतं म्हणून त्यात मी होते. (बिल्ला पाच वेळा तपासला.)

अज्जा, तुमच्या खाणीचं छत आमच्यापेक्षा ठेंगणं आहे. आम्ही वाकून चाललो. चिखल गुडघ्याएवढा. पहारींच्या खुणा भिंतीवर अजून दिसतात, मशीनच्या नाही, हाताच्या. एका जागी खुणा खोल आहेत, शेजारी उथळ. मला वाटलं, खोल तुमच्या असतील. मग आठवलं की पहार निवृत्ती अज्जांची होती. म्हणजे ते तुम्ही म्हणता तेवढे आळशी नव्हते.

डाव्या भिंतीवर दिवा फिरवत गेले. आणि दिसल्या. तीन आडव्या. फिकट झाल्यात, मधली डावीकडे तुटली आहे, पण तीनच आहेत आणि एकमेकींपासून सारख्या अंतरावर आहेत. मोजून काढल्यासारख्या. मोठे सर्व्हेअर साहेब माझ्या मागे होते. त्यांनी हेल्मेट काढायला हात वर नेला, मग नियम आठवला आणि हात तसाच कपाळाला लावला.

तिथून पुढे खांब मोजले. सागवानी नाहीत, साल वृक्षाच्या लाकडाचे आहेत, पाण्यात राहून लोखंडासारखे झालेत. काही कललेत, एक आडवा पडलाय, पण सगळे आहेत. चार फूट म्हणजे चार फूट. मी फीता लावून पाहिला, बोटभर इकडेतिकडे.

फक्त एक सांगायचं आहे आणि त्याचा राग मानू नका. पंचेचाळीस नाहीत. शेहेचाळीस आहेत. दोनदा मोजले, मग साहेबांनी मोजले. शेवटचा अगदी कोळशाला लागून उभा आहे. तुमच्या बाकीच्या खांबांसारखा सरळ नाही, घाईत ठोकलेला दिसतो, डोक्यावर पाचर दोन ठिकाणी फुटली आहे. पण छताला घट्ट बसला आहे. त्याच्या वरचा दगड मधोमध चिरला आहे आणि त्या चिरेच्या बरोबर खाली तो आहे.

खऱ्या शेवटाला मी चुन्याने एक रेघ मारली, तारीख घातली. नवीन नकाशा तयार झाला आहे आणि खाली माझी सही आहे. तुमच्या पट्ट्यांच्या जागी एक टीप लिहायची मी परवानगी मागितली. साहेब म्हणाले, सरकारी नकाशावर असं कुणी लिहीत नाही. मग म्हणाले, लिहून टाक, पन्नास वर्षांनी कुणीतरी मोजायला येईल. टीप अशी आहे:

"डाव्या भिंतीवरील चुन्याच्या तीन रेघा मोजमापाच्या नाहीत, पूजेच्या आहेत. बोगदा पुढे जातो."

तुमची
मंजू


उदगीर
१ डिसेंबर

चि. मंजूला आशीर्वाद.

पत्र वाचलं. टीप दानम्माला लई आवडली, येणाऱ्या जाणाऱ्याला वाचून दाखवायला लावती.

राग कशाचा मानू. पर मी दोन दिस त्या शेहेचाळीसाव्या खांबावरच थांबलोय.

तुला सगळं सांगतो. कामाचा शेवटचा दिस होता. आमच्या जागेवर छत बोलायला लागलं होतं, बारीक कडकड. फुडच्या टोकाला माझी टोपली आन् पहारी राहिल्या होत्या. मी निवृत्तीला म्हनलो, तू एक खांब ठोक, मी गाडी वर लावून येतो, मंग सामान काढू. मी वर जाऊन आलो तर हा बोगद्याच्या तोंडाशी, माझी टोपली घेऊन, बिडी वढत बसलेला. "खांब लावलास का?" "लावला की रे बाबा!" मला वाटलं नेहमीसारखं. अर्ध्या घंट्यात कुठं खांब लागतो का? मी लई शिव्या दिल्या त्याला. छत कडकडतंय आन् बिगर खांबाचा आत गेलास, मरायचं होतं का म्हून. तो नुसता हसला.

भोकरला त्याच्या घरी मी दोनदा गेलतो. दुसऱ्यांदा तो बाजंवर होता, त्याची बायको सरजाबाई त्याला भाकर कुस्करून देत होती. तवा बी मी चिडवलं, "काय रं, शेहेचाळीस का पंचेचाळीस?" तो म्हनला, "शेहेचाळीस, माणक्या. जाऊन मोज." मंग दोघं बी हसलो. आता कोण जाणार मोजायला!

तू गेलीस.

येत्या सोमवारी मी आन् तुझा बाप उमाशंकर भोकरला चाललोय. निवृत्ती गेला, पर सरजाबाई हाय अजून. तिला सांगायचं हाय, की खांब लावला होता. त्या बोगद्यात आम्ही दोघं होतो, आन् लबाड निवृत्ती न्हवता.

अज्जा